जहाज पुढे, बातमी मागे

काम सहा तासांचं होतं. सकाळी सूर्यबिंबाच्या कडेवर एक काळा ठिपका चढणार, बिंब ओलांडून दुपारी पलीकडच्या कडेवरून उतरणार, आणि तो कधी चढला, कधी उतरला हे घड्याळात सेकंदापर्यंत टिपायचं. एवढ्यासाठी ग्यियोम ल जाँती नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ 26 मार्च 1760 रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून जहाजात बसला. फ्रान्सच्या मातीला त्याचे पाय पुन्हा लागले ते 8 ऑक्टोबर 1771 ला. मधे गेली 11 वर्षं, 6 महिने आणि 13 दिवस. जायचं होतं पाँडिचेरीला.

विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांत ही गोष्ट बहुधा तोंडी लावायला येते. जगातला सर्वांत कमनशिबी खगोलशास्त्रज्ञ म्हणून एका परिच्छेदात त्याला हसून घ्यायचं आणि पुढच्या शोधाकडे वळायचं. हसू मलाही आलं होतं. पण त्याच्या प्रवासाच्या तारखा एका कागदावर उतरवून काढल्या आणि त्यांच्या शेजारी त्या त्या वेळी जगात काय घडत होतं ते मांडलं, तेव्हा नशिबाला एवढा दोष देण्याचं कारण उरलं नाही. बहुतेक टप्प्यांवर हा माणूस शिळ्या बातमीवर निघाला आहे. तो पोचतो तेव्हा ज्या जगासाठी तो निघाला होता ते जग तिथून हललेलं असतं, आणि हे त्याला सांगणारं पत्र दुसऱ्याच कुठल्या तरी जहाजातून त्याला शोधत भटकत असतं.

ल जाँतीचा जन्म 1725 चा, नॉर्मंडीतल्या कुताँसचा. पाद्री व्हायला म्हणून पॅरिसला आला आणि जोझेफ-निकोला दलिल यांची खगोलशास्त्रावरची व्याख्यानं ऐकून आकाशाच्या नादी लागला. पॅरिसच्या वेधशाळेत उमेदवारी केली. देवयानी तारकाविश्वाच्या अंगाला चिकटून दिसणारं छोटं तारकाविश्व, ज्याला आज एम 32 म्हणतात, ते 1749 मध्ये त्यानेच प्रथम नोंदवलं. 1753 मध्ये विज्ञान अकादमीत त्याला जागा मिळाली. पंचविशी-तिशीतल्या माणसाला अजून काय हवं!

आता त्या काळ्या ठिपक्याबद्दल. केप्लरच्या नियमांमुळे ग्रहांच्या अंतरांची प्रमाणं माहीत होती, पण प्रत्यक्ष मैल कुणालाच माहीत नव्हते. पृथ्वीपासून सूर्य किती दूर, या एका आकड्यावर सगळं अडलं होतं. एडमंड हॅलीने 1716 मध्ये तोड सुचवली. शुक्र सूर्यासमोरून जातो तेव्हा पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून त्या प्रवासाची वेळ मोजायची. नाकासमोर बोट धरून एकदा डावा डोळा मिटला, एकदा उजवा, की बोट जसं मागच्या भिंतीवर सरकतं, तसा शुक्र वेगवेगळ्या जागांवरून सूर्यबिंबावर थोडा वरखाली सरकलेला दिसतो, आणि त्या सरकण्यावरून अंतर काढता येतं. अडचण एवढीच की ही अधिक्रमणं आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात आणि मग शंभराहून अधिक वर्षं येतच नाहीत. हॅलीला ठाऊक होतं की 1761 आणि 1769 ची जोडी आपल्याला दिसायची नाही. 1742 मध्ये तो गेला. 8 जून 2004 ला काळे चष्मे लावून शाळेच्या मैदानात उभे राहिलेले वाचक आता चांगले मोठे झाले असतील; पुढच्या जोडीतली पहिली खेप 11 डिसेंबर 2117 ची आहे, ती कुणाला साधते बघायचं.

1761 साठी फ्रेंच अकादमीने माणसं वाटून दिली. शाप सायबेरियात तोबोल्स्कला, पँग्रे हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, ल जाँती पाँडिचेरीला. पाँडिचेरीची निवड चोख होती. 6 जूनला तिथे सूर्य चांगला वर आल्यावर शुक्र बिंबावर चढणार आणि सूर्य बुडायच्या पुष्कळ आधी उतरणार, म्हणजे संपूर्ण अधिक्रमण एकाच जागेवरून मिळणार. शिवाय गाव फ्रेंचांचं, गव्हर्नर आपला, भाषेची अडचण नाही. निघायलाही तो सव्वा वर्ष आधी निघाला. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आदल्या रात्री पोचणारे पाहुणे असतात. हा सव्वा वर्ष आधी निघणारा होता, आणि तरी अक्षता चुकल्या.

'बेर्ये' या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाने (फ्रेंचांचीही आपली एक कंपनी होती) त्याला 10 जुलै 1760 ला इल द फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला, आणून सोडलं. इथवर सगळं सुरळीत. इथून पुढे जहाज बदलायचं होतं. लांबच्या प्रवासात घोडं नेहमी जहाज, गाडी नाहीतर विमान बदलायच्या जागीच पेंड खातं, हे ज्याला अनुभवाने माहीत नाही त्याने अजून प्रवास केलेला नाही.

फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात तेव्हा जोरात युद्ध चालू होतं. पाँडिचेरीभोवती इंग्रजांचा फास आवळत आला होता. बंदरात कोरोमंडलला जाणारं जहाज मिळेना. महिने गेले, हगवणीने त्याला अंथरूण धरायला लावलं. पाँडिचेरीचा नाद सोडून पँग्रेच्या मागे रॉड्रिग्जला जावं, असाही विचार त्याने केला होता. तेवढ्यात 'सिल्फीड' नावाची लढाऊ नौका पाँडिचेरीच्या मदतीला निघणार असल्याचं कळलं आणि 11 मार्च 1761 ला हा तिच्यावर चढला. हातात जवळजवळ तीन महिने होते. दोन पुरेसे आहेत असं त्याला सांगण्यात आलं होतं.

इथे मराठी वाचकाने आपलं पंचांग काढावं. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर काय झालं ते इथे सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी, 15 जानेवारीला, पानिपतापासून दोन-अडीच हजार किलोमीटर दक्षिणेला पाँडिचेरीचा सेनापती लाली इंग्रजांना शरण गेला. 16 तारखेला इंग्रज गावात शिरले. एकाच आठवड्यात हिंदुस्थानच्या उत्तरेला आणि दक्षिणेला दोन सत्तांचं कंबरडं मोडलं आणि दोन्हींचा फायदा पुढे एकाच गिऱ्हाइकाला झाला. पानिपताची खबर सावकाराच्या सांकेतिक पत्रातून दहा-बारा दिवसांत नानासाहेब पेशव्यांच्या छावणीत पोचली. सावकारी जासूद म्हणजे त्या काळातली सर्वांत जलद टपाल. पण पाँडिचेरी पडल्याची खबर जवळजवळ दोन महिन्यांनंतरही मॉरिशसच्या बंदरात आलेली नव्हती. जे गाव वाचवायला 'सिल्फीड' निघाली ते गाव आधीच गेलेलं होतं, आणि ज्या वेधशाळेच्या जागेची स्वप्नं ल जाँती रंगवत होता तिथे इंग्रजांचे सुरुंग लागायचे होते.

वाऱ्यानेही साथ दिली नाही. कोकणातला कुठलाही तांडेल सांगेल की वारा फिरायच्या सांध्यावर शिडाच्या गलबताने लांब निघू नये. मार्चमध्ये विषुववृत्ताच्या उत्तरेला अजून ईशान्येचा वारा, म्हणजे नेमका तोंडावर. नैऋत्येचा मोसमी वारा धरायला मे उजाडावा लागतो. 'सिल्फीड' आठवडेच्या आठवडे अरबी समुद्रात, पार सोकोत्राच्या बाजूपर्यंत भरकटत राहिली. शेवटी मे महिन्यात वारा फिरला आणि 24 तारखेला मलबार किनाऱ्यावर माहे दिसू लागलं. माहे ही फ्रेंचांची दुसरी वखार. आजही केरळच्या कुशीत असूनही ती पुद्दुचेरीच्या प्रशासनाखाली आहे. तिथल्या होड्यांवरून कळलं की माहे इंग्रजांच्या ताब्यात आहे आणि पाँडिचेरीही. बातमी चार महिन्यांची जुनी होती, पण यांच्यासाठी ती ताजीच.

कप्तानाने नौका वळवली. अधिक्रमणाला तेरा दिवस उरले होते.

6 जूनला आकाश निरभ्र होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण ल जाँतीच्या कहाणीत ढग एकदाच आले आहेत, दोनदा नाही. त्या दिवशी तो विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेला, हिंदी महासागराच्या मध्यावर, हलत्या डेकवर दुर्बीण धरून उभा होता. शुक्र त्याने पाहिला. सूर्यबिंबावर चढताना आणि उतरतानाच्या वेळाही लिहून घेतल्या. पण अशा नोंदींवरून अंतराचा हिशेब करायचा तर निरीक्षकाच्या जागेचे रेखांश अचूक माहीत हवेत, आणि वेळ सेकंदाच्या मापाने. लंबकाचं घड्याळ डोलत्या जहाजावर चालत नाही. भर समुद्रात रेखांश काढण्याची खात्रीची सोय अजून कुणाकडेच नव्हती. त्याने डोळ्यांनी सगळं पाहिलं आणि हाताला काही लागलं नाही. दरम्यान पाँडिचेरीपासून दीडशे किलोमीटरवर, मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरच्या घरी, विल्यम हर्स्ट नावाच्या पाद्र्याने स्थिर जमिनीवर उभं राहून तेच अधिक्रमण आरामात टिपलं.

इतरांचंही फार बरं चाललं होतं असं नाही. सुमात्राला निघालेल्या इंग्रज मेसन आणि डिक्सन यांच्या जहाजावर इंग्लिश खाडीतच फ्रेंच नौकेने हल्ला केला, अकरा माणसं मेली. दोघांनी आम्ही जात नाही असं कळवल्यावर रॉयल सोसायटीने खटल्याची धमकी दिली. निघायला इतका उशीर झाला की ते केप ऑफ गुड होपलाच उतरले आणि तिथे त्यांना उत्तम नोंदी मिळाल्या. सुमात्रातलं त्यांचं मुक्कामाचं ठिकाण फ्रेंचांनी घेतल्याची खबर त्यांना वाटेत केपलाच मिळाली, म्हणून ते वाचले. ल जाँतीला पाँडिचेरीची तशीच खबर वेळेवर मिळाली असती तर तोही मॉरिशसला किंवा रॉड्रिग्जला दुर्बीण रोवून बसला असता. तोबोल्स्कला शाप बर्फ वितळायच्या बेतात असताना घसरगाड्यांवरून पोचला. इर्तिश नदीला पूर आला आणि सूर्याशी काहीबाही करणाऱ्या या परक्यामुळेच आला, असं लोक म्हणू लागले. त्याला कोसॅकांचा पहारा लागला. निरीक्षण मात्र झालं.

मॉरिशसला परतल्यावर कुणीही शहाणा माणूस पुढच्या जहाजाने घरी गेला असता. ल जाँतीने ठरवलं की आठ वर्षांनी दुसरं अधिक्रमण आहेच, ते करूनच जाऊ. या निर्णयाबद्दल त्याला वेडा ठरवतात. मला तो हिशेबी वाटतो. परत जाणं म्हणजे युद्धाच्या समुद्रातून एक वर्ष, पुन्हा येणं म्हणजे आणखी एक. शिवाय हातात काही न घेता अकादमीसमोर उभं राहायचं! त्यापेक्षा इथेच राहून हिंदी महासागर मोजला तर सरकारचा पैसा सत्कारणी लागेल. तसं त्याने केलंही. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याचे नकाशे सुधारले, बेटांची स्थानं निश्चित केली, वारे आणि भरती-ओहोटी नोंदवली, शिंपले, वनस्पती, मासे गोळा केले. ही वर्षं त्याच्या गोष्टीतून सगळे वगळतात, कारण त्यांत फजिती नाही.

1769 च्या अधिक्रमणासाठी त्याने आकडेमोड केली आणि मनिला निवडलं. पाँडिचेरीत त्या दिवशी सूर्य उगवेल तेव्हा शुक्र आधीच बिंबावर असणार, म्हणजे फक्त उतरणं दिसणार, तेही सूर्य क्षितिजापासून फार वर नसताना. मनिला पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य बराच वर असेल. मे 1766 मध्ये 'बुएन कोन्सेहो' या स्पॅनिश जहाजाने तो निघाला आणि ऑगस्टमध्ये मनिलाला पोचला. तिथे उतरल्यावर पहिली गंमत कॅलेंडरची. स्पॅनिश लोक मनिलाला अमेरिकेकडून, पॅसिफिक ओलांडून आले होते. त्यामुळे त्यांची तारीख पश्चिमेकडून येणाऱ्यांपेक्षा एक दिवस मागे असे, आणि ही चूक तिथे 1844 पर्यंत तशीच चालली. सेकंदाचा हिशेब करायला आलेला माणूस अशा गावात उतरला, जिथे वारच वेगळा होता.

मनिला त्याला आवडलं. हवा चांगली, आकाश बरं, आणि कॅथीड्रलमधला एक धर्मगुरू खगोलाचा शौकीन निघाला. अडचण गव्हर्नरची होती. ल जाँतीने स्पेनच्या दरबाराकडून शिफारसपत्रं मागवली होती. ती मेक्सिकोमार्गे आली आणि गव्हर्नरच्या मते जरा फारच लवकर आली. इतक्या थोड्या दिवसांत माद्रिदहून उत्तर येणं शक्यच नाही, तेव्हा ही पत्रं बनावट असणार, असा त्याने निष्कर्ष काढला. ल जाँतीच्या सगळ्या पत्रव्यवहारात बातमी वेळेवर पोचण्याचा हा दुर्मीळ प्रसंग, आणि त्याबद्दल त्याच्यावर तोतयेगिरीचा संशय. कचेरीत सगळे कागद पहिल्याच खेपेला बरोबर घेऊन जाणाऱ्याकडे खिडकीतला कारकून जसा बघतो, ते आठवलं.

त्याच सुमारास अकादमीचं पत्र आलं. मनिला फार लांब, पाँडिचेरी 1763 च्या तहाने पुन्हा आपल्याकडे आलं आहे, तिथेच जावं असा सल्ला होता. पॅरिसमध्ये नकाशा पसरून बसलेल्या मंडळींना ते साहजिक वाटलं असेल. एका बाजूला संशयी गव्हर्नर, दुसऱ्या बाजूला वडीलधाऱ्यांचं पत्र. फेब्रुवारी 1768 मध्ये तो एका पोर्तुगीज जहाजावर चढला.

हा टप्पा माझा सर्वांत आवडता. मलाक्काच्या सामुद्रधुनीत, जिथे दोन्ही बाजूंना जमीन, खडक आणि उथळ पाणी, तिथे कप्तान आणि वाट दाखवणारा पायलट यांचं कडाक्याचं भांडण झालं. पायलट रुसला. आपल्या खोलीत जाऊन त्याने आतून कडी लावली. जहाज चाललंय, पुढे सामुद्रधुनी अरुंद होतेय, आणि ज्याला वाट ठाऊक आहे तो दाराआड बसून आहे. बाकीचे दार ठोठावत असतील, समजूत घालत असतील, त्याच्या नावाने खडे फोडत असतील. ल जाँती हा प्रवासी, ज्याच्याकडे दुर्बीण होती, तो डेकवर हात चोळत उभा. तरी जहाज 27 मार्च 1768 ला सुखरूप पाँडिचेरीला लागलं. अधिक्रमणाला चौदा महिने बाकी होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो ठरल्या जागी होता, वेळेवर होता आणि जमिनीवर होता.

आज दादरहून चालुक्य एक्सप्रेस थेट पुद्दुचेरीला जाते. दीड दिवसाचा प्रवास, त्यात कर्नाटकातली एक लांबलचक दुपार. मी उतरलो तेव्हा मे संपत आला होता आणि घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. फ्रेंचांचा जुना किल्ला होता त्या परिसरात आता भारती पार्क आहे. मधोमध पांढरा आयी मंडप, आसपास राजनिवास, सरकारी इमारती, फ्रेंच नावांचे रस्ते आणि त्यांवरून हिंडणारे पर्यटक. सुरुंग लावून पाडलेल्या किल्ल्याचं नाव सांगणारी एकही भिंत दिसली नाही. समुद्राकडच्या रस्त्यावर जाळं विणत बसलेल्या एका कोळ्याला मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं की जूनच्या सुरुवातीला इथे पाऊस पडतो का. पडला तर संध्याकाळी, गडगडाट करून, असं तो म्हणाला; सकाळी कशाला पडेल? इथला खरा पाऊस ऑक्टोबरनंतरचा.

ल जाँतीचाही हाच हिशेब होता. इंग्रजांनी पाँडिचेरी परत देण्याआधी ती जमीनदोस्त केली होती. गव्हर्नर लॉ द लॉरिस्तों भग्न गाव पुन्हा बांधत होता. त्याने ल जाँतीचं मनापासून स्वागत केलं आणि हवी ती जागा निवडायला सांगितली. ल जाँतीने किल्ल्याच्या अवशेषांवर, जाड भिंतींचा पाया असलेली जागा निवडली, आणि काही आठवड्यांत वेधशाळा उभी राहिली. खालच्या तळघरात तोफांच्या दारूचा साठा होता, त्याच्या डोक्यावर हा राहायचा, झोपायचा, तारे बघायचा. लढाई संपलेली असल्याने मद्रासच्या इंग्रजांनी त्याला वापरायला एक उत्तम दुर्बीण पाठवली. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्यामुळे तो समुद्रात अडकला, त्यांनीच.

पाँडिचेरीतलं ते वर्ष हेच माझ्या मते त्याच्या सगळ्या खटाटोपाचं फळ. त्याने तिथल्या एका तमिळ ब्राह्मणाला गाठून त्यांची ग्रहणं काढण्याची रीत शिकून घेतली. ती रीत बघून हा चकित झाला. कागद नाही, लेखणी नाही. ज्योतिषी जमिनीवर बसायचा, समोर कवड्या मांडायचा, त्या सरकवत, उचलत, पुन्हा ठेवत हिशेब करायचा, आणि सूत्रं तोंडपाठ म्हणत जायचा. चूक सापडली तर मागे जाऊन तपासायला काही लिहिलेलं नाही, आणि तरी चूक होत नसे. ल जाँतीने तीच रीत वापरून 30 ऑगस्ट 1765 चं चंद्रग्रहण काढून पाहिलं. ग्रहणाचा काळ प्रत्यक्षापेक्षा 41 सेकंदांनी कमी आला. त्या वेळी युरोपात सर्वोत्तम समजल्या जाणाऱ्या टोबियास मायरच्या कोष्टकांवरून तो 68 सेकंदांनी जास्त येत होता. अधिक्रमणाच्या कुठल्याही इतिहासात त्याचा आकडा नाही, पण भारतीय खगोलाच्या इतिहासकारांना हे 41 सेकंद आजही लागतात. कवड्यांवर बसून ग्रहण काढणाऱ्या त्या ब्राह्मणाकडे कुठल्या अकादमीची जागा नव्हती आणि परदेशातून येणाऱ्या पत्राची वाट बघायची त्याला गरजही नव्हती.

1769 च्या मे महिन्यात रोज सकाळी आकाश स्वच्छ असे. 3 जूनच्या संध्याकाळी लॉ द लॉरिस्तों वेधशाळेत आला आणि दोघांनी मिळून गुरूचे चंद्र पाहिले. हवा इतकी निर्मळ होती की उद्याची चिंता कुणाला वाटली नसावी. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास ल जाँतीला जाग आली. आग्नेयेकडून वाळूच्या दांड्यावर आपटणाऱ्या लाटांचा घुमणारा आवाज येत होता. तिथे राहून त्याला कळलं होतं की आग्नेयेचा वारा सुटला की तो किनारा झाडून काढतो, आकाश मोकळं होतं. आवाज ऐकून त्याला बरंच वाटलं. तरी उठून बाहेर आला, तर आकाश सगळीकडे भरलेलं, विशेषतः उत्तरेला आणि ईशान्येला. वारा पडला. पहाटे पाचला उलट दिशेने जोराचा वारा सुटला, समुद्र फेसाने पांढरा झाला, वाळू उडू लागली. वारा आहे म्हणजे ढग जातील, ही आशा त्याने सोडली नाही. सातच्या सुमारास शुक्र सूर्यबिंबावरून उतरायचा होता. सातपर्यंत ढग हलले नाहीत. उतरणं होऊन गेल्यावर सूर्य निघाला, आणि नंतर दिवसभर लख्ख ऊन होतं.

मनिलाला त्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. तिथल्या त्याच्या खगोलप्रेमी धर्मगुरूने अधिक्रमण व्यवस्थित पाहिलं. ही बातमी ल जाँतीला कळली तेव्हा कुठला नाही तो वारा आपल्याच अंगावरून गेला असं त्याला वाटलं असणार. पंधरवडाभर त्याला रोजनिशी उघडवेना. लेखणी हातात घेतली तरी सुटून पडायची, असं त्याने पुढे कबूल केलं आहे. ढग ही एकच गोष्ट अशी होती जी पत्राने आधी कळवता आली नसती, आणि लोकांच्या लक्षात तीच राहिली. पण ढगांच्या आधी पाँडिचेरी की मनिला हा निवाडा पॅरिसमधून, हजारो मैलांवरून झाला होता, तो माझ्या मनातून जात नाही.

परतीचा प्रवास थोडक्यात सांगायला हवा, नाहीतर अंकाची पानं संपतील. 1 मार्च 1770 ला तो पाँडिचेरीहून निघाला, आजारी. मॉरिशसला सहा-सात महिने अडकला. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सकडे निघालेलं जहाज मिळालं. डिसेंबरमध्ये बूर्बों बेटाजवळ वादळाने त्याच्या डोलकाठ्या मोडल्या आणि 1 जानेवारी 1771 ला ते रांगत पुन्हा मॉरिशसला आलं. दुष्काळात तेरावा महिना! शेवटी 'आस्त्रेआ' या स्पॅनिश युद्धनौकेने त्याला घेतलं, केपच्या वादळातून नेलं आणि ऑगस्टमध्ये कादिझला उतरवलं. आता मात्र जहाजाची कटकट नको म्हणून तो स्पेनमधून जमिनीच्या रस्त्याने निघाला आणि पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये शिरला. हा शेवटचा टप्पा त्याने पायाखालच्या जमिनीवरून केला.

शाप तोवर दोन वर्षं आधीच गेला होता. 1769 च्या अधिक्रमणासाठी तो कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, सान होसे देल काबोला गेला होता. आकाश स्वच्छ मिळालं, नोंदी उत्कृष्ट मिळाल्या आणि 1 ऑगस्टला गावात पसरलेल्या तापाने त्याला नेलं. कुणाचं नशीब बरं म्हणायचं हे मला ठरवता आलेलं नाही.

नॉर्मंडीत ल जाँतीची वाट कुणी पाहत नव्हतं. पाठवलेली त्याची बरीच पत्रं पोचलीच नव्हती, आणि तो मेल्याची बातमी मात्र व्यवस्थित पोचली होती. ती नातेवाइकांनीच पसरवली होती. इस्टेटीच्या वाटण्या करण्यापर्यंत मजल गेली होती. त्याच्या पैशाचा कारभार पाहणाऱ्या मुखत्याराने रक्कम चोरीला गेल्याचं सांगितलं. ल जाँतीने कोर्टात धाव घेतली, हरला, आणि खटल्याचा खर्च त्याच्यावरच बसला. अकादमीतली त्याची जागा त्याच्या पश्चात दुसऱ्याला मिळाली होती. ती खटपट करून परत मिळवावी लागली. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्याच्याकडे साक्षीदार होते, गुरूचे चंद्र होते, हिंदी महासागराचे नकाशे होते. कायद्याला कागद लागतो.

मराठी आणि इंग्रजी वाचनात मला एक फुलवलेली गोष्ट पुन्हा पुन्हा भेटली: घरी परतला तर बायकोने दुसरं लग्न केलेलं. तसं काही झालं नाही. निघताना तो अविवाहितच होता. परतल्यावर त्याने लग्न केलं, त्याला मुलगी झाली, आणि पॅरिसच्या वेधशाळेत तो संसाराला लागला. एवढ्या चुकामुकींनंतर ही एक गोष्ट तरी त्याच्या बाबतीत वेळेवर झाली, हे कुणाला खपत नसावं.

1771 मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांदने दोन्ही अधिक्रमणांच्या नोंदी एकत्र करून सूर्याचं अंतर सुमारे 15.3 कोटी किलोमीटर काढलं. आजचा आकडा 14.96 कोटी आहे. त्यात ताहितीहून इंग्रज दर्यावर्दी कुकने आणलेल्या, शापने मरता मरता लिहिलेल्या आणि मेसन-डिक्सनच्या केपवरच्या नोंदी होत्या. ल जाँतीने आपले खंड 1779 आणि 1781 मध्ये छापले. हिंदी महासागराचे वारे, मादागास्कर, मनिला, पाँडिचेरीचे अवशेष, तमिळ ज्योतिषाची आकडेमोड, सगळं त्यांत आहे, पानंच्या पानं. अधिक्रमणाला त्यात फारशी जागा लागलेली नाही.